वाचनालयाच्या बॅकअप डिस्कचं ऑटोमाउंट : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग आता अशा टप्प्याला आलंय की बऱ्याचशा मूळ प्रती पुन्हा स्कॅनरवर ठेवता येणार नाहीत. पान उलटलं की कागद कोपऱ्याशी तुटतो. यापुढे स्कॅन हीच प्रत, आणि ती एकाच संगणकात आहे. आज ग्रंथपाल ताईंबरोबर बसून बॅकअपची व्यवस्था ठरवली.

सामान असं : आतल्या खोलीतला जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), मॉनिटर-कीबोर्ड नाही. दोन टेराबाइटच्या दोन नव्या यूएसबी हार्ड डिस्क. एक मशीनला लावलेली, दुसरी ताईंच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल. वाचनालयात आग, पाणी, चोरी काहीही झालं तरी फार तर आठवड्याभराचं काम जाईल.

ताई म्हणाल्या, "मी केबल काढीन आणि लावीन. लॉगिन करा, इथे क्लिक करा, हे माझ्या लक्षात राहायचं नाही. उद्या माझ्या जागी दुसरी कुणी आली, तर तिला कोण शिकवणार?" मला हे पूर्ण पटलं. म्हणून अटी तीन. डिस्क लावल्यावर कुणी काही करायची गरज पडू नये. डिस्क नसली तरी मशीन सुरळीत सुरू व्हावं. आणि डिस्क नसेल तर बॅकअपने एकही बाइट दुसरीकडे लिहू नये. तिसरी अट माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची.

डेस्कटॉप वापरणाऱ्यांना डिस्क आपोआप माउंट होण्याची, म्हणजे एखाद्या फोल्डरात उघडली जाण्याची, सवय असते. ते काम यूडिस्क्स नावाची सेवा करते, आणि तेही कुणीतरी ग्राफिकल लॉगिन केलेलं असताना. डिस्क मग /मीडिया खाली त्या व्यक्तीच्या नावाच्या फोल्डरात उघडते. इथे लॉगिन करणारं कुणी नाही, त्यामुळे तो मार्ग बाद. माउंट व्हायला हवं ते सिस्टमच्या पातळीवर, कायम एकाच जागी.

(ही वही ताईंच्याही हाती राहणार आहे, म्हणून आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. मशीनवर टंकताना ते रोमनमध्येच.)

५ जानेवारी

दोन्ही डिस्क दुकानातून येताना एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट केलेल्या होत्या. पेन ड्राइव्हला ते ठीक आहे. पण एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक आणि परवानग्या साठवल्या जात नाहीत, हार्ड लिंकही (एकाच फाइलीला अनेक नावं देण्याची सोय) नसतात. माझ्या बॅकअपचा सगळा भार हार्ड लिंकवर आहे : आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामला लिंक-डेस्ट पर्याय दिला की न बदललेली फाइल पुन्हा न उतरवता कालच्या प्रतीशी जोडली जाते. रोजचं फोल्डर उघडलं तर पूर्ण दिसतं आणि जागा मात्र फक्त नव्या फाइलींची लागते. म्हणून दोन्ही डिस्कवर जीपीटी (विभागांचा तक्ता), एकच पार्टिशन, आणि लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम.

फॉरमॅट करताना राखीव जागा शून्य केली. ईएक्सटी४ आपण होऊन ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेलं खातं) राखून ठेवते. सिस्टमच्या डिस्कवर त्याला अर्थ आहे, नुसत्या बॅकअपच्या डिस्कवर मात्र २ टेराबाइटमधले सुमारे १०० जीबी विनाकारण अडकतात.

फॉरमॅट काही सेकंदांत संपलं, तरी डिस्कचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. काही बिघडलेलं नाही. पहिल्या माउंटनंतर कर्नल (लिनक्सचा गाभा) आयनोडचे, म्हणजे फाइलींच्या नोंदींचे, तक्ते मागच्या मागे पुसून घेत असतं.

मग ओळखीचा प्रश्न. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए, एसडीबी या नावांवर भरवसा ठेवायचा नाही. डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या त्यावर ती ठरतात. सगळीकडे सल्ला मिळतो यूयूआयडीचा, म्हणजे फॉरमॅट करताना तयार होणाऱ्या ३६ चिन्हांच्या ओळखक्रमांकाचा. डिस्क एकच असेल तर माझाही सल्ला तोच. पण इथे दोन डिस्क आळीपाळीने एकाच जागी येणार आहेत आणि त्यांचे यूयूआयडी वेगळे. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे उघडायची ते सांगणारी फाइल) दोन ओळी लिहून दोन माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क उघडायची दोन फोल्डरं, केले, तर आज कोणती डिस्क आहे हे प्रत्येक स्क्रिप्टला आधी शोधावं लागेल. त्यापेक्षा दोन्ही डिस्कना एकच लेबल दिलं. मशीनला कळतं ते एवढंच, की बॅकअप नावाची डिस्क आली. ती अ आहे की आ, हे डिस्कवरच एका छोट्या फाइलीत लिहून ठेवलं आणि बाहेरून चिकटपट्टी लावली.

लेबल देवनागरीत ठेवायचा मोह झाला होता. ईएक्सटी४ लेबलला १६ बाइट देतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'बॅकअप'मधली मात्रा धरून पाच चिन्हं, १५ बाइट. बसलं असतं. पण बिघाडाच्या वेळच्या रेस्क्यू मोडच्या कोऱ्या कन्सोलवर देवनागरी दिसेल याची खात्री नाही, आणि लेबल वाचायची खरी गरज तिथेच पडते. म्हणून रोमनमधली सहा अक्षरं.

एकाच लेबलच्या दोन डिस्क एकाच वेळी लावल्या तर कोणती उघडेल याची शाश्वती नाही. यावर सॉफ्टवेअरमधला उपाय शोधत बसलो नाही. दोन्ही डिस्कना चालणारी एकच केबल मशीनला बांधून ठेवली, दुसरी तिथून काढून टाकली.

११ जानेवारी, शनिवार

आज मॉनिटर उसना आणून चाचण्या.

पहिली, मुद्दाम साधी : एफएसटॅबमध्ये लेबल, माउंट पॉइंट, ईएक्सटी४ आणि पर्याय म्हणून फक्त डिफॉल्ट्स. डिस्क काढून रीबूट केलं. सिस्टमडी (मशीन सुरू करून त्यावरची कामं चालवणारं सॉफ्टवेअर) डिस्कची ९० सेकंद वाट पाहत राहिलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड दिलेला नसल्यामुळे तिथेही दार बंद : रूट खातं लॉक आहे, कन्सोल उघडता येत नाही, असा संदेश. नेटवर्क सुरू झालेलं नाही, म्हणजे एसएसएचही (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन) नाही. मॉनिटर नसलेल्या मशीनवर हे घडलं, तर ताईंना फक्त 'मशीन सुरू होत नाही' एवढंच कळेल. एका यूएसबी केबलीपायी अख्खं मशीन अडावं हे योग्य नाही. अशा डिस्कच्या ओळीत नोफेल हवंच हवं.

दुसरी चाचणी नोफेल घालून. त्यामुळे माउंट 'आवश्यक' न राहता 'झालं तर बरं' या यादीत जातं आणि बूट त्याच्यासाठी थांबत नाही. मशीन डिस्कशिवाय नीट उठलं. दुसरी अट पूर्ण, पहिली मात्र अपुरी, कारण शनिवारी बूट झाल्यानंतर लावलेली डिस्क उघडणार कोण?

इथे एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट कामाला येतं. हा पर्याय लिहिला की सिस्टमडी बूटच्या वेळी डिस्क उघडायला जात नाही. माउंट पॉइंटवर ते कर्नलमधल्या ऑटोएफएसचा पहारा बसवतं. त्या फोल्डरात कुणी पहिलं पाऊल टाकलं की पहारेकरी त्याला दारातच थांबवतो, डिस्क माउंट करवून घेतो आणि मग आत सोडतो. डिस्क कधी लावली याला महत्त्वच उरत नाही.

सध्याची ओळ :

लेबल=बॅकअप   /एमएनटी/बॅकअप   ईएक्सटी४   नोफेल,नोएटाइम,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=२मिन,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३०एस   ०   २

आयडल-टाइमआउटमुळे दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की डिस्क आपोआप अनमाउंट होते. ताईंसाठी हाच सगळ्यांत मोठा फायदा, कारण केबल काढायच्या वेळी डिस्क बहुतेक वेळा उघडलेलीच नसेल. डिव्हाइस-टाइमआउट ३० सेकंद अशासाठी, की डिस्क नसताना कुणी त्या फोल्डरात गेलं तर दीड मिनिट लटकून राहू नये, आणि थंड डिस्कला फिरायला लागणारे सेकंदही मिळावेत. शेवटचा २ हा आकडा फाइल सिस्टिम तपासण्याचा क्रम आहे. वीज गेल्यामुळे अर्धवट बंद झालेल्या डिस्कसाठी तो ० करू नये, असं माझं मत.

ओळ बदलली की दर वेळी आधी फाइंडमाउंटला व्हेरिफाय पर्याय देऊन ती तपासायची, मग सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड. हे रीलोड लोक सोडून देतात, म्हणून ते का लागतं हे लिहून ठेवतो. सिस्टमडी एफएसटॅब थेट वापरत नाही, त्यातून स्वतःची माउंट युनिटं तयार करून घेतं. डिस्क नव्याने फॉरमॅट केली आणि एफएसटॅबमधला यूयूआयडी बदलला, पण रीलोड केलं नाही, तर सिस्टमडीच्या लेखी त्या जागेची डिस्क जुनीच असते, आणि ती तर आता अस्तित्वातच नाही. मग हाताने माउंट केलेली नवी डिस्क ते लगेच अनमाउंट करू शकतं. माउंट आज्ञा बिनतक्रार संपते, फोल्डर मात्र रिकामं. अशा वेळी केबलवर संशय घेऊन माणसं तासन् तास घालवतात.

१२ जानेवारी

वाचनालयात येणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलं, "दादा, यूडेव्ह नियमात थेट माउंटची आज्ञा का नाही लिहीत? डिस्क आली की चालली." यूडेव्ह म्हणजे उपकरण लावलं-काढलं की ठरलेल्या नियमाप्रमाणे वागणारा लिनक्सचा भाग. जुन्या लेखांतून हा मार्ग दिसतो, पण आता तो चालत नाही. यूडेव्हची प्रक्रिया स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये असते, त्यामुळे तिथे केलेलं माउंट बाकी सिस्टमला दिसतच नाही. शिवाय नियमातून सुरू केलेलं लांबणारं काम यूडेव्ह मध्येच मारून टाकतं. डिस्क आल्यावर काही सुरू करायचंच असेल, तर यूडेव्हने सिस्टमडीला फक्त निरोप द्यावा आणि काम सर्व्हिसने करावं. त्यासाठी सिस्टमडी-वॉन्ट्स आहे. आपल्याला त्याची गरज नाही.

१८ जानेवारी, शनिवार

तिसरी अट. आजचा पूर्ण दिवस यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

माउंट पॉइंट म्हणजे शेवटी एक साधं फोल्डर. डिस्क नसेल तर ते मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरचं रिकामं फोल्डर असतं. आरसिंक बिचारं आनंदाने तिथे सगळं उतरवतं, रूट पार्टिशन भरतं आणि लॉगमध्ये 'यशस्वी' लिहितं. बॅकअप झाला नाही हे कळलं तर माणूस काहीतरी करतो. झाला असं खोटंच कळलं, तर कुणीच काही करत नाही. ऑटोमाउंटची गरज मला सोयीपेक्षा या धोक्यासाठी जास्त वाटते. पहारा असताना आणि डिस्क नसताना त्या फोल्डरात लिहायला गेलं की 'असं उपकरण नाही' अशी चूक येते. लिहिणंच होत नाही. डिस्क काढून टच या रिकामी फाइल करणाऱ्या आज्ञेने पाहिलं : ३० सेकंद थांबून चूक. रूट पार्टिशन जसंच्या तसं.

पण बॅकअप चालायच्या वेळी पहाराच बसलेला नसेल तर? म्हणून आणखी दोन कड्या.

एक : पहारा थांबवून, खालच्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर +आय लावलं. आता डिस्क नसेल तर रूटलाही तिथे फाइल करता येत नाही. वर डिस्क माउंट व्हायला याचा अडथळा येत नाही.

दोन : बॅकअपच्या सर्व्हिसमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर आणि पुढे /एमएनटी/बॅकअप. त्यामुळे आधी माउंट, मगच सर्व्हिस. माउंट झालं नाही तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये अवलंबित्व अपयशी ठरल्याची नोंद राहते.

स्क्रिप्टमध्येही तपासणी हवी, कारण उद्या कुणी ती हाताने चालवेल. पुष्कळ जण माउंटपॉइंट -क्यू ही आज्ञा वापरतात. ऑटोमाउंट असताना ती निरुपयोगी आहे. ऑटोएफएसचा पहारा हाही एक माउंटच, त्यामुळे डिस्क नसली तरी ती आज्ञा 'हो, माउंट आहे' म्हणते. आज डिस्क काढून ताडून पाहिलं, तसंच झालं. योग्य प्रश्न असा : या जागी ईएक्सटी४ माउंट आहे का? फाइंडमाउंटला -टी ईएक्सटी४ देऊन विचारलं की डिस्क असेल तरच होकार येतो. त्यानंतर स्क्रिप्ट डिस्कवरची अ किंवा आ लिहिलेली फाइल वाचते. ती नसेल तर थांबते.

२५ जानेवारी, शनिवार

वेळापत्रक. बॅकअप म्हटलं की लोक रात्री दोनची वेळ लावतात. आमच्याकडे ताई रात्री कुलूप लावताना मेन स्विच बंद करतात, आणि जुनं वायरिंग पाहता ते बरोबरच आहे. वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडतं, दुपारी बंद असतं, पण वीज चालू असते. म्हणून टायमर दुपारी २ चा. टायमरचा पर्सिस्टंट हा पर्याय चालू ठेवला; दुपारी वीज नसेल तर चुकलेला बॅकअप मशीन पुढच्या वेळी सुरू होताच चालतो.

वीज मध्येच गेली तर अर्धवट फोल्डर पूर्ण बॅकअप म्हणून गणलं जाऊ नये. आरसिंक आधी 'अपूर्ण' नावाच्या फोल्डरात लिहितं. सगळं झाल्यावर त्याला तारखेचं नाव मिळतं आणि 'ताजा' ही सिमलिंक (शॉर्टकट) तिकडे वळते. जर्नलमुळे (बदलांची आगाऊ नोंद) ईएक्सटी४ ची रचना सावरते. काम कुठवर आलं होतं ते मात्र जर्नलला माहीत नसतं, ते आपणच सांभाळायचं.

काल लक्षात आलं की डिस्क सकाळी कुणी न मागता फिरायला लागते. सिस्टमडीच्या लॉगमध्ये (जर्नलसीटीएल) शोधलं तेव्हा फाइलींची सूची करणारं अपडेटडीबी सापडलं. डेबियनमध्ये त्याच्या वगळायच्या यादीत /मीडिया असतं, /एमएनटी नसतं. ते रोज आपल्या फोल्डरात शिरायचं आणि पहारेकरी इमानाने डिस्क उघडायचा. प्रूनपाथ्समध्ये, म्हणजे त्या यादीत, /एमएनटी/बॅकअप जोडलं. सकाळची फिरकी थांबली.

१ फेब्रुवारी, शनिवार

स्कॅनचा सर्वांत जुना भाग एका एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) डिस्कवर होता. ती फक्त वाचण्यासाठी माउंट करून मशीनवर आणायला घेतली. हजारो फाइली विनातक्रार आल्या आणि काही फाइलींवर 'फाइलचं नाव फार लांब' अशी चूक आली. मराठीत फाइलींना नावं देणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, म्हणजे देवनागरीची २५५ चिन्हं. ईएक्सटी४ मध्येही आकडा २५५ च, पण बाइटचा. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट, म्हणजे फक्त ८५ चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'क्ष' हे डोळ्यांना एक अक्षर. मोजताना तीन चिन्हं, नऊ बाइट. स्वयंसेवकांनी अंकाचं नाव, वर्ष, लेखाचं शीर्षक, लेखक असं सगळं मनापासून फाइलीच्या नावात लिहिलं होतं, आणि तीच नावं अडली. इंग्रजी नाव इतकं लांब क्वचितच होतं, त्यामुळे बॅकअपच्या मार्गदर्शिकांमध्ये याचा उल्लेख दिसत नाही.

घाईत नाव तोडायचं नाही असं ताईंशी बोलून ठरवलं, कारण लेखक-शीर्षकाची माहिती काही ठिकाणी फक्त त्या नावातच आहे. पूर्ण नाव एका सीएसव्ही तक्त्यात जातं आणि फाइलीला दाखल क्रमांक व पान क्रमांक मिळतो. तक्ताही बॅकअपमध्ये आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताईंना कळणार कसं? ईमेलची व्यवस्था केली नाही. त्या रोज स्कॅनिंगचं सामायिक फोल्डर उघडतात, तिथेच सगळ्यांत वर 'बॅकअप स्थिती' नावाची फाइल ठेवली. यशस्वी बॅकअपनंतर स्क्रिप्ट तीत एक ओळ लिहिते : वार, तारीख, डिस्क अ की आ, किती जागा उरली. अपयश आलं तर ऑनफेल्युअरची सर्व्हिस त्याच फाइलीत 'बॅकअप झाला नाही, केबल पाहा' असं लिहिते. अवलंबित्व चुकल्यामुळे सर्व्हिस सुरूच झाली नाही, तरीही ऑनफेल्युअर चालतं; डिस्क काढून याची खात्री केली. तारीख जुनी दिसली, तरी काहीतरी अडलंय हे त्यांना समजेल.

बॅकअप संपल्यावर स्क्रिप्ट डिस्क अनमाउंट करते आणि एचडीपार्म -वाय देऊन तिचं फिरणं थांबवते. फिरती डिस्क हलवणं धोक्याचं. काही यूएसबी डब्या ही आज्ञा आत पोचू देत नाहीत, आपल्या दोन्ही देतात. ताईंना सांगायचा नियम त्यामुळे छोटा झाला : डिस्कवर हात ठेवा, थरथर नसेल तर काढा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

परत मिळवण्याची चाचणी. डिस्क आ दुसऱ्या संगणकाला लावली, लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, आणि एक अख्खा अंक उतरवून शा-२५६ बेरजा (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवल्या. जुळल्या. बेरजांची यादी वेगळी ठेवणं गरजेचं आहे, कारण ईएक्सटी४ स्वतःच्या रचनेची तपासणी ठेवतं, फाइलीतल्या मजकुराची नाही. आणि हार्ड लिंकमुळे सगळ्या तारखांच्या फोल्डरांतली न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. तिथला एक सेक्टर खराब झाला तर ती सगळ्या तारखांना खराब. म्हणून तर दोन डिस्क.

विंडोज ईएक्सटी४ डिस्क थेट वाचत नाही आणि वर फॉरमॅट करू का विचारतं. हे ताईंना दाखवून दिलं. प्रत्येक डिस्कच्या डबीत आता लाइव्ह पेन ड्राइव्ह आणि मराठीत छापलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीची पहिली ओळ : 'फॉरमॅट करू का असं विचारलं तर नाही म्हणा.'

२२ फेब्रुवारी, शनिवार

मी गावाला होतो. ताईंनी एकटीने अदलाबदल केली. संध्याकाळी एसएसएचने पाहिलं : स्थितीच्या फाइलीत दुपारची नोंद, डिस्क अ. लॉगमध्ये पहाऱ्याने डिस्क उघडल्याची आणि दोन्ही तपासण्या पार पडल्याची नोंद. फोनवर ताईंना विचारलं काही अडलं का. म्हणाल्या, "अडण्यासारखं होतं काय त्यात?"

पुढचं काम : सभासदांची नोंदवही. तिच्यात पत्ते आणि फोन नंबर आहेत आणि डिस्क पिशवीतून घरी-दारी जाते. स्कॅन उघडेच राहू देत; ते लोकांसाठीच आहेत, आणि एन्क्रिप्शनची किल्ली हरवली तर अंकही जातील. नोंदवही तेवढी जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने कुलूपबंद करून ठेवायची आणि पासफ्रेज बंद पाकिटात कार्यवाहांकडे द्यायची. सोमवारी समितीसमोर मांडतो.